कुर्चातोव्ह आणि न थांबणारी स्पर्धा

अण्वस्त्रस्पर्धेचे निर्णय राज्यकर्ते घेतात हे खरे. परंतु त्या स्पर्धेला गती देतात ती संशोधन केंद्रे. ती उभारणाऱ्यालाही पुढे ती आवरत नाहीत, हे सोविएत अणुबाँबचे जनक इगोर कुर्चातोव्ह यांच्या चरित्रावरून दिसून येते.

उरल परिसरातील सिम येथे १९०३ साली जन्मलेले कुर्चातोव्ह लेनिनग्राडमध्ये इयॉफे यांच्या संस्थेत अणुकेंद्राच्या संशोधनाकडे वळले. १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोतील ‘प्रयोगशाळा क्रमांक २’ त्यांच्याकडे सोपविण्यात आली. हिरोशिमाच्या संहारानंतर स्टालिन यांनी या कार्याला सर्व साधने मोकळी करून दिली आणि देखरेखीस गुप्त पोलिसांचे प्रमुख बेरिया यांना नेमले. डिसेंबर १९४६ मध्ये कुर्चातोव्ह यांची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्याच वर्षी सारोव या मठाच्या गावी शस्त्रकेंद्र स्थापन झाले आणि ते गाव नकाशावरून नाहीसे झाले. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सेमिपालातिन्स्क येथे पहिला स्फोट झाला. तो बाँब हेरांनी मिळविलेल्या अमेरिकी आराखड्यावर बेतलेला होता.

अमेरिकेची मक्तेदारी संपली. स्पर्धा मात्र संपली नाही. लॉस अलामॉसच्या जोडीला अमेरिकेने १९५२ मध्ये लिव्हरमोरची प्रयोगशाळा उभारली. १९५५ मध्ये रशियानेही उरलमध्ये दुसरे केंद्र काढले. प्रतिपक्षाच्या प्रयोगशाळेत काय शिजते आहे, या भयावर दोहोंकडील केंद्रांचे पोषण होत राहिले.

१९५५ मधील हायड्रोजन बाँबच्या चाचणीने कुर्चातोव्ह अस्वस्थ झाले. १९५४ मध्ये ओबनिन्स्क येथे अणुवीज निर्माण झाली होती. १९५६ मध्ये ब्रिटनमधील हार्वेल येथे त्यांनी तोवर गुप्त असलेले सोविएत संमीलन संशोधन जगापुढे मांडले. १९५८ मध्ये, चाचण्या पुन्हा सुरू होऊ नयेत यासाठी साखारोव्ह यांच्या आग्रहावरून ते याल्टा येथे ख्रुश्चेव्ह यांना भेटले. राष्ट्राला बाँब देणाऱ्या या शास्त्रज्ञाची विनंती अमान्य झाली. ७ फेब्रुवारी १९६० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सारोवमध्ये घडविलेल्या सुमारे ५० मेगाटन शक्तीच्या बाँबचा स्फोट करण्यात आला.

शीतयुद्ध सरले, सोविएत संघही १९९१ मध्ये लयाला गेला. सारोव, लॉस अलामॉस आणि लिव्हरमोर येथील केंद्रे मात्र आजही कार्यरत आहेत. शस्त्रकपातीचा करार करताना केवळ बाँब मोजून भागणार नाही. ते घडविणाऱ्या केंद्रांना दुसरे कोणते कार्य द्यावयाचे, याचेही उत्तर शोधावे लागेल. याल्टाहून रिक्त हस्ते परतलेल्या कुर्चातोव्ह यांच्या आयुष्याचा हाच बोध आहे.