गोलंदाज बाळू पालवणकर

सुमारे १८९२ साली पुण्यातील युरोपियन लोकांच्या क्लबमध्ये एक तरुण नोकर होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावासाठी जाळी उभारावी, मैदानाची निगा राखावी, ही त्याची कामे. आणि वेतन महिना चार रुपये. पुढे याच तरुणाची गणना हिंदुस्थानातील थोर गोलंदाजांत झाली. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी सेवेत असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळू लागले. शाळा लवकरच सुटली व बाळूंनी एका पारशी क्लबात नोकरी धरली. तेथून ते युरोपियन क्लबात आले.

या क्लबात बाळू साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा एक निष्णात फलंदाज तर इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकीत. या नित्याच्या सरावाने त्यांचा हात इतका तयार झाला की, चेंडूचा टप्पा, वळण व वेग ही तिन्ही त्यांच्या स्वाधीन झाली. परंतु एवढ्या वर्षांत त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करावी व चेंडू नोकरांनी टाकावेत, अशी तेथील रीत होती.

खेळासाठी पैसे घेणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. धनिक मनुष्य हौसेखातर खेळे. गरिबाला मात्र खेळायचे तर मजुरी बुडवावी लागे. इंग्लंडात याच प्रश्नावरून १८९५ साली उत्तरेकडील रग्बी संघ जुन्या संघटनेतून फुटून निघाले आणि खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई देणारी नवी संघटना त्यांनी स्थापिली. बाळूंची अडचण याहून कठीण होती. त्यांच्या मार्गात दारिद्र्याबरोबर अस्पृश्यताही उभी होती.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू संघाच्या कानी गेली. युरोपियनांना हरवावयाचे, तर असा गोलंदाज हवा, हे सर्वांना कळत होते. पण त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. अखेर बाळूंना प्रवेश मिळाला. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे; परंतु चहाची वेळ झाली की, इतर खेळाडू आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या परळातून मिळे. जेवणासही ते वेगळे बसत. हा अपमान सोसून त्यांनी संघाला विजय मिळवून दिले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचा गौरव केला आणि हळूहळू ही भिंत ढासळू लागली.

पुढे बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी लागली व ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. राज्यकर्त्यांवर मिळविलेल्या या विजयाचे देशभर कौतुक झाले. त्यात बाळू व शिवराम या दोघांचाही वाटा होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने अनेक सामने गमावले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते.

इतके असूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे कधी सोपविले गेले नाही. त्यांच्याहून कमी अनुभवी खेळाडू कर्णधार झाले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी निषेध म्हणून संघ सोडला. लोकमतही खवळले. अखेर व्यवस्थापकांना नमते घ्यावे लागले व बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. जो मान थोरल्या भावास नाकारला गेला, तो धाकट्याने मिळविला.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ सालच्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. अस्पृश्यता नष्ट व्हावी, हे दोघांचेही ध्येय होते. मार्ग मात्र भिन्न होते.

जुलै १९५५ मध्ये मुंबईत बाळूंचे निधन झाले. ज्या मैदानावर त्यांनी प्रथम रूळ फिरविला, त्याच प्रकारच्या मैदानांवर त्यांनी आपली योग्यता सिद्ध केली. ती मान्य करावयास समाजाला मात्र फार वर्षे लागली.