कृपाबाई सत्यनाधन : क्षीण देहातील श्रद्धा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास (आजचे चेन्नई) येथे इंग्रजी कादंबरीलेखन करणाऱ्या कृपाबाई सत्यनाधन या जन्माने मराठी होत. १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे त्यांचा जन्म झाला. वडील हरिपंत खिस्ती व आई राधाबाई हे ब्राह्मणकुळातून ख्रिस्ती धर्मात आलेले दांपत्य. श्रद्धा हा अशा रीतीने कृपाबाईंचा वारसा होता. तो स्वतःचा करून घेण्याचे काम मात्र त्यांना आयुष्यभर आजार आणि वियोग यांच्या संगतीतच करावे लागले.

वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. वडीलबंधू भास्कर यांनी त्यांच्या वाचनाला वळण लावले. परंतु त्यांनाही अकाली मृत्यू आला. पुढे मुंबईच्या शाळेत असताना एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरांच्या सहवासात त्यांना वैद्यकाची ओढ लागली. शिक्षणासाठी विलायतेस जाण्याची संधी आली होती. प्रकृती नाजूक म्हणून तो बेत सोडावा लागला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तेथे १८७८ मध्ये त्या दाखल झाल्या व रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाधन यांच्या घरी राहिल्या. पहिल्या वर्षी उत्तम यश मिळाले. पण अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि त्यांना पुण्यास बहिणीकडे परतावे लागले.

ईश्वरी सेवा म्हणून पत्करलेले कार्यच शरीराला पेलू नये, ही भाविकाची खरी कसोटी. कृपाबाईंनी तिला उत्तर दिले ते वादविवादाने नव्हे, तर आचरणाने. १८८१ मध्ये सत्यनाधन यांचे चिरंजीव सॅम्युएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या नोकरीनिमित्त उटकमंड येथे असताना त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, इतर कन्याशाळांत शिकविले आणि 'एक भारतीय स्त्री' या अर्थाच्या नावाखाली नियतकालिकांतून लेख लिहिले. राजमहेंद्री येथे प्रकृती पुन्हा बिघडली. कुंभकोणम येथे लेखणी पुन्हा चालू लागली. डॉक्टर होण्याचा मार्ग खुंटला, तरी सेवेचा हेतू खुंटला नाही. शक्ती असेल त्या मानाने त्याचे रूप तेवढे बदलत गेले.

१८८६ मध्ये हे दांपत्य मद्रासला स्थायिक झाले. 'सगुणा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पतीच्या धर्मांतराने आईच्या मनाची झालेली ओढाताण तीत सहानुभूतीने रंगविली आहे. काही मिशनरी स्त्रियांच्या वागण्यातील वर्णाभिमानही लेखिकेने झाकलेला नाही. धर्मावर निष्ठा ठेवूनही त्याच्या प्रचारकांकडे डोळसपणे पाहण्याचे हे धैर्य त्या काळी दुर्मीळच म्हटले पाहिजे.

त्यानंतरचा काळ विलक्षण कष्टाचा गेला. एकुलते एक अपत्य वर्षाचे होण्यापूर्वीच दगावले आणि त्या दीर्घकाळ खिन्नतेने ग्रासल्या गेल्या. सासू-सासऱ्यांचेही निधन झाले. स्वतःला क्षयाने गाठले. अशा अवस्थेत त्यांनी 'कमला' लिहावयास घेतली आणि ज्वराने खंगलेल्या देहाने ती पुरी केली. तिची नायिका ख्रिस्ती नव्हे, तर महाराष्ट्रातील एक ब्राह्मण बालवधू आहे. वैधव्यानंतर पुनर्विवाहाचा प्रस्ताव नाकारून ती आपले जीवन दीनदुबळ्यांच्या सेवेस वाहते. स्वतःच्या धर्माबाहेरील स्त्रीलाही लेखिकेने दिलेला हा शेवट तिच्या स्वतःच्या जीवनदृष्टीचाच निष्कर्ष आहे : दुःखाचा परिहार झाला नाही, तरी दुःखितांच्या उपयोगी पडता येते.

३ ऑगस्ट १८९४ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले. 'कमला' त्याच वर्षी आणि 'सगुणा' १८९५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मराठी घरांतील जीवन, तमिळ प्रदेशातील वास्तव्य आणि इंग्रजी भाषा यांचा संगम असलेले हे लेखन कोणत्याही एका भाषेच्या इतिहासात सहज सामावत नाही. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीशेजारी 'कमला' ठेवून वाचावी. विधवेचे दुःख दोहोंत आहे. परंतु त्या दुःखातून पुढे चालत राहण्याचे बळ कोठून येते, हा प्रश्न कृपाबाईंनी स्वतःच्या देहावर सोसून विचारला आहे.