पंडित हृदयनाथ कुंझरू

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकतो. परंतु या विषयाला भारतात हक्काचे घर मिळवून देणाऱ्या पंडित हृदयनाथ कुंझरूंचे नाव क्वचितच कानी पडते. म्हणून त्यांचा अल्प परिचय करून देण्याचे मी योजिले आहे.

कुंझरूंचा जन्म १८८७ सालचा, काश्मिरी पंडितांच्या घराण्यातला. कर्मभूमी उत्तर प्रदेश. दीक्षा मात्र पुण्याची! १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९३६ पासून अखेरपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परराष्ट्रव्यवहाराचा अभ्यास करणारी जी संस्था येथे होती, ती इंग्रज सरकारच्या तंत्राने चालते अशी अनेकांची भावना होती. मग जागतिक परिषदांत भारताची बाजू मांडायची कोणी? सर तेजबहादूर सप्रू, कुंझरू आदींनी १९४३ मध्ये 'इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स' ही बिनसरकारी, पक्षातीत संस्था स्थापून याला उत्तर दिले. १९४५ मध्ये तिचे 'इंडिया क्वार्टर्ली' हे त्रैमासिक निघाले. १९४७ ची दिल्लीची आशियाई परिषद तिनेच भरविली. स्वातंत्र्य अजून उंबरठ्याबाहेर होते, तरी आशियाचे प्रतिनिधी भारताच्या अंगणात जमले होते! सप्रूंच्या पश्चात कुंझरूंनी संस्थेची धुरा दीर्घकाळ वाहिली. १९५५ मध्ये तिच्याच आश्रयाने आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय निघाले. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.

राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सभासदांपैकी कुंझरू एक. १९५५ च्या अहवालात आयोगाने द्वैभाषिक मुंबई व वेगळा विदर्भ सुचविला, तो महाराष्ट्राला मुळीच रुचला नाही. मलाही तो निर्णय पटत नाही. तथापि त्यामुळे त्यांच्या निःस्पृहतेला बाध येत नाही. घटना समितीत त्यांनी पदव्यांना विरोध केला होता; १९६८ मध्ये भारतरत्न देऊ केले गेले, तेव्हा त्याच तत्त्वाला जागून त्यांनी ते नाकारले. १९७८ मध्ये ते निवर्तले.

२००१ च्या कायद्याने कौन्सिल राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. मान वाढला, हे खरे. परंतु सरकारच्या चष्म्यातून जग पाहायचे नाही, म्हणून जी संस्था जन्मली, तिने राजमान्यतेतही तो बाणा जपावा, असे मला मनापासून वाटते. सरकारे येतात आणि जातात. अभ्यासकाने मात्र स्वतःच्या डोळ्यांनीच पाहिले पाहिजे.