आर्नोल्ड सोमरफेल्ड

आर्नोल्ड योहानेस विल्हेल्म सोमरफेल्ड (५ डिसेंबर १८६८ – २६ एप्रिल १९५१) हे जर्मन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुरचनेवरील कार्यासाठी ते विशेष प्रसिद्ध असले, तरी जमिनीलगत जाणाऱ्या रेडिओ तरंगांच्या (भू-तरंगांच्या) गणिती सिद्धांताचा पायाही त्यांनीच घातला.

जीवन

सोमरफेल्ड यांचा जन्म प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे झाला. तेथील विद्यापीठातून त्यांनी १८९१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. ग्यॉटिंगेन येथे ते गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांचे सहायक होते. क्लाउस्थाल व आखेन येथील अध्यापनानंतर १९०६ मध्ये ते म्युनिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. हायझेनबर्ग, पाउली, डिबाय व बेथे हे त्यांचे विद्यार्थी होत.

भू-तरंगांचा सिद्धांत

मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपार बिनतारी संकेत पाठवल्यावर, तरंग इतक्या दूर कसे पोहोचतात हा प्रश्न पुढे आला. जमिनीला बिलगून जाणारा तरंग शक्य आहे, असे योनाथान त्सेनेक यांनी १९०७ मध्ये दाखवले. परंतु अँटेना असा तरंग निर्माण करते का, हे त्यातून ठरत नव्हते. सोमरफेल्ड यांनी १९०९ मध्ये सपाट भूमीवरील उभ्या अँटेनासाठी हे गणित मांडले.

जमीन तरंगाची काही ऊर्जा शोषून घेते. अंतर, तरंगलांबी व जमिनीचे विद्युत् गुणधर्म एकत्र करून सोमरफेल्ड यांनी ‘सांख्यिक अंतर’ ही राशी योजली. ती लहान असताना क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. ती फार मोठी झाल्यावर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. खाऱ्या पाण्याची वाहकता कोरड्या जमिनीच्या हजारो पट असते. त्यामुळे मध्यम लहरींचे प्रक्षेपण समुद्रावरून दूर जाते, तर कोरड्या वा खडकाळ प्रदेशात लवकर क्षीण होते. तरंगलांबी अधिक असल्यास ऱ्हास कमी होतो. अटलांटिकपार संदेशवहनाचे स्पष्टीकरण मात्र पुढे आयनांबरातून मिळाले.

सूत्रांविषयीचा वाद

हेर्मान वाइल यांनी १९१९ मध्ये वेगळ्या पद्धतीने काढलेल्या उत्तरात स्वतंत्र पृष्ठतरंग नव्हता. सोमरफेल्ड यांनी १९२६ मध्ये हा प्रश्न पुन्हा सोडवला. त्यांच्या दोन्ही सूत्रांत एका चिन्हाचा फरक असल्याचे केनेथ नॉर्टन यांनी १९३५ मध्ये निदर्शनास आणले. त्यानंतर अमेरिकेतील सेनेका सरोवरावर चार्ल्स बरोज यांनी केलेली मोजमापे वाइल यांच्या उत्तराशी जुळली. या चिन्हाचा अर्थ कसा लावावा, यावर पुढेही दीर्घकाळ चर्चा झाली. सोमरफेल्ड यांच्या पद्धतीवर आधारलेली नॉर्टन यांची सुलभ सूत्रे अभियंत्यांनी प्रक्षेपणाचा पल्ला काढण्यासाठी स्वीकारली.

निधन

अनेकदा नामांकन होऊनही सोमरफेल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. नातवंडांसह फिरायला गेले असता झालेल्या वाहन अपघातातील दुखापतींमुळे म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.