रेव्हरंड टिळकांचे मराठी ख्रिस्तीपण

सोलापुरातल्या मराठी ख्रिस्ती मुलाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. आडनाव मराठी, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, आजीच्या अंगावर नऊवारी. मग तुम्ही ख्रिस्ती कसे? विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. पण उत्तर देताना माझी जीभ अडखळते, आणि अशा वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. संस्कृतचा व्यासंग, कवित्व आणि कीर्तन यांत त्यांचे तारुण्य गेले. एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. गिरिप्रवचन वाचून ते हेलावले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या एका दिवसाची किंमत मात्र त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा जिवंत असून संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने दिवस काढताना त्या आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरातही राहिल्या. ज्या वाळवंटात जातिभेद विसरून भक्त एकमेकांच्या पाया पडतात, त्याच गावात धर्मामुळे दुभंगलेल्या घराचे दुःख त्यांनी गिळले, हे वाचताना मन विषण्ण होते. टिळकांच्या थोरवीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पान घाईघाईने उलटू नये असे मला वाटते.

काही वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, तेव्हा लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे कायम होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एकाच छपराखाली तो ख्रिस्ती आणि ती ब्राह्मणी, असा संसार सुरू झाला. जात देवाने केलेली नाही, हे बाईंना स्वतःच्याच विचाराने पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याची श्रद्धा दुखावल्यावाचून आपली श्रद्धा घरात रोज जगता येते, याचा याहून चांगला दाखला माझ्या वाचनात नाही.

टिळकांपुढचा दुसरा पेच मंडळीच्या आतला होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरप्रमाणे आमच्या सोलापुरातही होते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दीनदुबळ्यांना माणूस म्हणून उभे केले. ते ऋण मी नाकारणार नाही. पण देवळात गायची गीते बरीचशी इंग्रजी चालींवरची, भाषांतराचा वास येणारी. धर्म बदलला म्हणजे सूरही बदलावा काय? टिळकांनी टाळमृदंग हाती घेतला. अभंग, पदे, ख्रिस्तचरित्रावरची कीर्तने असा त्यांचा ओघ अखेरपर्यंत आटला नाही. ख्रिस्ताच्या पायापर्यंत आपण पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मोकळेपणी सांगत. आज 'उपासना संगीत' उघडले की त्यांची पदे पानोपानी भेटतात, आणि ती गाताना आपण परक्याच्या घरी आलो आहोत असे मला कधीच वाटत नाही.

त्यांच्या घराचे दारही असेच उघडे होते. बालकवी ठोंबरे त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले. त्यासाठी त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुष्कळांना हे रुचले नसणार. चौकट एवढी सैल केली तर ख्रिस्तीपण उरते कोठे, ही शंका मलाही येते. पण टिळकांच्या ओठी ख्रिस्तावाचून दुसरे नाव नव्हते, हेही तितकेच खरे. दरबाराला बाळसे धरण्याइतका अवधी काही मिळाला नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, त्याच लक्ष्मीबाईंनी! टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला, आणि अस्थी नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवण्यात आल्या.