व्यंकटेश बापूजी केतकर : पंचांग आकाशाशी ताडून पाहणारे शिक्षक

ग्रहांची नावं आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण एका शाळामास्तरांनी कुणी न पाहिलेल्या ग्रहाचं गणित मांडलं होतं, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.

केतकरांचा जन्म १८५४ चा. नोकरी मुंबई इलाख्यातल्या शाळांत. पुढे ते बागलकोटला राहिले, जे आज कर्नाटकात आहे.

त्या काळी आपल्याकडची पुष्कळ पंचांगं गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघव' या १५२० च्या ग्रंथावरून होत. ग्रंथ मोठा सोयीचा, पण ग्रहाच्या गतीतला बारीकसा फरक लगेच कळत नाही. घड्याळ रोज २ सेकंद मागे पडलं तर आठवड्यात लक्षात येत नाही, वर्षात मात्र १२ मिनिटं जातात. तसंच झालं. जवळपास चारशे वर्षं फरक साचत गेला आणि पंचांगातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे!

शिवाय पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूच डोलतो. त्यामुळे संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत १ अंश सरकतो. केतकरांनी चित्रा तारा आधाराला धरला, आधुनिक वेधांचे आकडे घेतले आणि संस्कृतमध्ये 'ज्योतिर्गणित' लिहून नवं गणित दिलं.

१९११ मध्ये एका फ्रेंच खगोल नियतकालिकात त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं. नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये जो मेळ आहे, तसाच मेळ त्यांनी बाहेरच्या ग्रहांत धरला. ब्रह्माची फेरी सुमारे २४२ वर्षांची निघाली. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची फेरी २४८ वर्षांची! त्याच वर्षी केतकर वारले.

मुलांना पुढचंही सांगावं. केतकरांनी धरलेला मेळ युरेनसला लागू पडत नाही, म्हणून आकडे जवळ आले हा योगायोगच मानतात. १९८८ मध्ये ससमन आणि विस्डम यांनी संगणकावर दाखवलं की प्लूटोची गती केऑटिक आहे. म्हणजे सुरुवातीचा कणभर फरक कोट्यवधी वर्षांत एवढा वाढतो की तो नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही.

म्हणून अधूनमधून गणित आकाशाशी ताडून पाहावंच लागतं. केतकरांनी तेच केलं.

उपक्रम : एप्रिल-मे मध्ये आपल्या परभणीच्या खेड्यांत रात्री आकाश छान दिसतं. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. मुलांना चित्रा दाखवा. मग पंचांगात चंद्र चित्रा नक्षत्रात कधी आहे ते बघून, त्या रात्री तो खरंच तिच्याजवळ दिसतो का, हे मुलांनाच तपासू द्या.