कॉलेजचा पहिला कॉम्प्युटर: डॉ. केळकरांची गोष्ट आणि तुमचा नवा लॅपटॉप

मागच्या महिन्यात पुसदहून माझ्या मावसभावाचा फोन आला. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता आणि कापूस विकून ठेवलेल्या पैशांतून घरच्यांनी लॅपटॉप घेऊन दिला होता. आता अँटिव्हायरस कोणता टाकू, हा त्याचा प्रश्न. एक दुकानदार पाचशे रुपयांत सगळं सॉफ्टवेअर भरून द्यायला तयार होता.

मी त्याला थांबवलं, कारण हाच सौदा मी फर्स्ट इयरला केला होता. क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं गेलं आणि मी तो केला. काही महिन्यांनी एका सकाळी माझ्या सगळ्या फाईल्स लॉक झालेल्या, स्क्रीनवर पैशांची मागणी. बॅकअप नव्हता. प्रोजेक्ट गेला, आणि आजोबांचे स्कॅन करून ठेवलेले फोटोही गेले. प्रोजेक्ट परत लिहिला. फोटो परत आले नाहीत.

म्हणून भावाला सॉफ्टवेअरची यादी देण्याआधी मी एका माणसाची गोष्ट सांगितली. कॉलेजसाठी नवा कॉम्प्युटर आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्यांच्या आयुष्यातून कळलं.

डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांचा जन्म 1909 चा, धारवाडचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी, मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, आणि 1937 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची पीएचडी. परत येऊन ते शिकवायला लागले. 1943 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये इलेक्ट्रिकल विभागाचे प्रमुख झाले. 1956 मध्ये पवईच्या आयआयटीच्या उभारणीचं नियोजन त्यांच्याकडे आलं. ते काम चालू असतानाच, 1959 च्या अखेरीस, त्यांना कानपूरच्या नव्या आयआयटीचे पहिले संचालक नेमण्यात आलं.

संचालक झाले, पण इमारत कुठे होती? संस्थेची सुरुवात दुसऱ्या एका कॉलेजच्या कँटीनच्या इमारतीत झाली. 1960 मध्ये पहिली बॅच आली, जेमतेम शंभर मुलांची. पुढे अमेरिकेतली नऊ विद्यापीठं मदतीला आली, त्यात एमआयटी, बर्कली, प्रिन्स्टन अशी नावं होती. आणि ऑगस्ट 1963 मध्ये कानपूरला आयबीएम 1620 हा कॉम्प्युटर पोचला.

आता हे मशीन किती दांडगं होतं बघा. बेसिक मॉडेलची मेमरी 20,000 आकड्यांची. अक्षरं नाही, आकडे! तुमच्या फोनमधला एक साधा सेल्फी त्यात मावणार नाही. पण मशीनसोबत फोर्ट्रान ही भाषा होती, म्हणजे गणिताच्या सूत्रासारखा प्रोग्रॅम लिहिता यायचा. सिव्हिलचा असो की केमिकलचा, मुलगा स्वतःचं गणित स्वतः मशीनवर टाकू शकत होता. केळकरांच्या कानपूरमध्ये हे मशीन काचेआड शोभेला ठेवलं नाही. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवलं, बाहेरच्या इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांसाठी छोटे कोर्स घेतले. व्ही. राजारामन यांच्यासारखे तरुण शिक्षक तिथे आले. मशीन घेतानाच ते शिकवणारी माणसंही गोळा केली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

या 1620 ची एक गंमत सांगतो. त्याला गुणाकार येत नव्हता! पाढे मेमरीत एका ठरलेल्या जागी भरून ठेवावे लागायचे आणि मशीन ते बघून उत्तर द्यायचं. त्या जागेला कुलूप नव्हतं. एखाद्या प्रोग्रॅमने चुकून पाढ्यांवर दुसरंच काही लिहिलं, तर पुढचे सगळे गुणाकार चुकायचे, आणि मशीन मुकाट चुकीची उत्तरं देत राहायचं. पाढे पुन्हा भरणे हाच उपाय.

आजच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमभोवती भिंत असते. दुसऱ्याच्या मेमरीत हात घालता येत नाही. पण तुम्ही क्रॅक चालवता, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी देता, तेव्हा ती भिंत तुम्हीच पाडता. मग पाढे कोण बदलून गेलं, हे कळतही नाही. मी फर्स्ट इयरला हेच केलं होतं.

म्हणून भावाला मी एवढंच करायला सांगितलं:

1. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू ठेव, अपडेट पुढे ढकलू नको. विद्यार्थ्याला वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायची सहसा गरज पडत नाही.
2. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस, फोटोशॉपच्या जागी गिम्प. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. डाउनलोड मात्र त्यांच्या मूळ साइटवरूनच.
3. रोजच्या कामाला साधं अकाउंट वापर, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं ठेव.
4. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर घे आणि ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव.
5. बॅकअप दोन ठिकाणी: एक क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर. कॉपी झाली की डिस्क काढून ठेव, नाहीतर व्हायरस तिच्यातही शिरतो.

या सगळ्याचा सॉफ्टवेअरचा खर्च शून्य रुपये. पैसे लागतील ते हार्ड डिस्कला. दुकानदाराला द्यायचे पाचशे त्यातच टाक म्हणालो.

केळकर 1970 पर्यंत कानपूरला होते. 1969 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. नंतर 1974 पर्यंत ते मुंबई आयआयटीचे संचालक होते. 1990 मध्ये ते गेले. त्यांच्याच काळात, 1969 मध्ये, नारायण मूर्ती कानपूरहून एमटेक होऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसोबत पुण्यात इन्फोसिस सुरू केली. ते जुनं 1620 केव्हाच निवृत्त झालं, पण त्यावर शिकलेली माणसं देशभर पसरली. कानपूर आयआयटीच्या ग्रंथालयाला आज केळकरांचं नाव आहे.

परवा भावाचा मेसेज आला. लिबरऑफिसमध्ये त्याने पहिली असाइनमेंट केली होती, आणि बॅकअप घेताना आजीचे जुने फोटोही स्कॅन करून डिस्कवर टाकले होते. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्याला सुचलं.